‘द व्हील ऑफ टाइम’मध्ये नकळत अडकलेल्यांसाठी : क्रम, वेग, आवृत्त्या आणि अवघड टप्पे

सांजपक्षी (धागाकर्ती)

‘पहिलं पुस्तक वाचून तर बघू’ म्हणून हातात घेतलेली मालिका बघता बघता चौथ्या खंडावर नेऊन सोडते. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या इंग्रजी फँटसी कादंबरीमालिकेबाबत हे इतक्या जणांचं होतं की एक स्वतंत्र धागा हवाच होता. ज्यांना ड्रॅगन-जादू वगैरे वाचायची सवय नाही, तेच जास्त अडकतात असं दिसतं. त्यामागे कारणं आहेत, आणि ती कळली तर वाचताना मजाही जास्त येते.

आधी आकार समजून घ्या. मुख्य १४ खंड आणि १ पूर्वकथा. पहिला खंड ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ १९९० चा, शेवटचा ‘अ मेमरी ऑफ लाइट’ २०१३ चा. एकूण सुमारे ४४ लाख शब्द. लहान पेपरबॅक धरली तर १२ हजारांच्या आसपास पानं. रोज २५ पानं वाचणाऱ्याला १६ महिने लागतात, ४० वाचणाऱ्याला १०. म्हणजे हा शनिवार-रविवारचा मामला नाही, आणि त्याच हिशेबानं तयारी ठेवलेली बरी.

क्रम सोपा आहे: प्रकाशनाचा क्रम, बस्स. एकच घोळ होतो तो पूर्वकथेचा. ‘न्यू स्प्रिंग’ (२००४) कथेच्या काळानुसार सगळ्यात आधी येते, म्हणून बरेच जण तिच्यापासूनच सुरुवात करतात. तसं करू नका. त्या पुस्तकाचं सगळं बळ म्वारेन आणि लॅन या, मुलांना गावाबाहेर नेणाऱ्या दोन पाहुण्यांबद्दल आधीच वाटणाऱ्या कुतूहलात आहे, आणि पहिल्या खंडात ही दोघं कोण, कुठून आली, खरं बोलतात का, हे ठाऊक नसणं हाच कथेचा ताण आहे. तो आधीच सोडवून टाकला तर पहिला खंड निम्म्यानं फिका पडतो. पूर्वकथा दहाव्यानंतर वाचा. ती छापूनही तेव्हाच आली होती, आणि दहाव्यानंतर एका आटोपशीर, सरळ चालणाऱ्या पुस्तकाची गरजही असते.

आता अडकायला का होतं ते. पहिल्या खंडाची सुरुवात ओळखीची वाटते: लांबचं खेडं, सणाची तयारी, काळ्या झग्यातला स्वार, गावातून पळ. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनची आठवण यावी हे जॉर्डननं मुद्दाम केलं होतं आणि तसं सांगितलंही होतं. वाचक निर्धास्त होतो. मग शाडार लोगोथ या ओसाड शहरानंतर मंडळींची फाटाफूट होते, कथा वेगवेगळ्या डोळ्यांतून दिसायला लागते आणि खरा खेळ सुरू होतो. प्रत्येक पात्राला अर्धीच माहिती असते. त्या अर्ध्या माहितीवर ते ठाम मत बनवतं, आणि वाचकाला दुसरा अर्धा भाग दोनशे पानांपूर्वीच दिसलेला असतो. ‘अरे, एकदा एकमेकांशी बोला तरी!’ असं वाटत राहतं आणि पुस्तक खाली ठेववत नाही.

चौथ्या खंडापर्यंत मोकळेपणानं लिहा. त्यापुढचं काही उघड करायचं असेल तर प्रतिसादाच्या वर ‘रहस्यभेद’ लिहा, ही विनंती.

---

अधोरेखित

उत्तम धागा. पहिला खंड वाचणाऱ्यांनी एकच गोष्ट करावी: पंधरावं प्रकरण आलं की वही काढावी.

या प्रकरणात बेअरलन गावातल्या सरायीत मिन नावाची मुलगी रँड या नायकाला भेटते. तिला माणसांच्या भोवती चित्रं दिसतात, आणि दिसलेलं कधी चुकत नाही. ती रँडला पटापट यादी सांगते. त्याच्याभोवती: तलवार जी तलवार नाही, सोन्याच्या पानांचा मुकुट, भिकाऱ्याची काठी, वाळूवर पाणी ओतणं, रक्ताळलेला हात आणि पांढरंशुभ्र तापलेलं लोखंड, तिरडीशी उभ्या तीन बायका आणि तिरडीवर तो स्वतः, रक्तानं ओला काळा खडक. त्याचा मित्र मॅट, त्याच्याभोवती: लाल गरुड, तराजूच्या पारड्यात डोळा, माणिक जडवलेला खंजीर, रणशिंग, हसरा चेहरा. दुसरा मित्र पेरिन, त्याच्याभोवती: लांडगा, मोडका मुकुट, फुललेली झाडं.

जेमतेम अर्ध्या पानाचा मजकूर आहे. पहिल्या वाचनात डोळा त्यावरून सहज घसरतो, कारण तोवर ती मुलं गावाबाहेर नुकतीच पडलेली असतात. पण यातली एकेक गोष्ट पुढे वसूल होते. काही दुसऱ्या-तिसऱ्या खंडातच. तराजूतल्या डोळ्याचा हिशेब मात्र थेट तेराव्यात लागतो, म्हणजे १९९० मध्ये लिहिलेली ओळ २०१० मध्ये पूर्ण झाली.

वहीत तीनच रकाने पुरतात: कुणाबद्दल, काय दिसलं, कुठे खरं ठरलं. मिनची दृश्यं, रँडच्याच गावच्या एग्वेनची स्वप्नं आणि जिथे जिथे भविष्यवाणी आडव्या टाइपात छापली आहे ती, एवढंच टिपा. पात्रांची वंशावळ लिहायला बसू नका, त्यात दम निघतो. दोन हजारांहून जास्त नावं आहेत आणि त्यातली बहुतेक लक्षात ठेवायची नसतातच.

---

घाटवाट

दुसऱ्या खंडाच्या मध्यावर आहे. मॅट अजिबात आवडत नाहीये. सगळे त्याचं एवढं कौतुक का करतात? आणि प्रत्येक प्रकरणाच्या वर जे बारीकसं चित्र असतं त्याला काही अर्थ आहे का?

---

अधोरेखित

@घाटवाट, पहिल्या दोन खंडांत मॅट आजारी आहे, त्या खंजिरापायी. शिवाय त्याच्या डोक्यात आपल्याला एकदाही प्रवेश मिळत नाही. त्याच्या नजरेतून लिहिलेलं पहिलं प्रकरण तिसऱ्या खंडात येतं. तोवर जो दिसतो तो इतरांना दिसलेला, चिडचिडा, संशयी मॅट. तिसऱ्यात बरा झाला की बोला.

आणि हो, चित्रांना अर्थ आहे. फासे दिसले की मॅट, लांडग्याचं डोकं दिसलं की पेरिन, शिंगवाला चेहरा असेल तर ट्रोलॉक (अंधाराचे राक्षसी सैनिक). पण चित्र नेहमी प्रकरण कुणाच्या नजरेतून आहे तेच सांगतं असं नाही. कधी कधी प्रकरणात लपून कोण वावरतंय तेही सांगतं. एखाद्या साध्यासुध्या बाजाराच्या प्रकरणावर भलतंच चित्र असेल तर गर्दीतली माणसं नीट पाहा.

---

मुळाक्षर

नावांच्या उच्चारांबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त अडखळायला तिथेच होतं. प्रत्येक खंडाच्या शेवटी शब्दसूची आहे आणि तीत उच्चार दिलेले आहेत. त्यावरून देवनागरीत असं होईल: आइझ सेडाय (जादू वापरणाऱ्या बायकांचा पंथ), म्वारेन, नायनीव (रँडच्या गावची वैदू), एग्वेन, स्वान (हिचं स्पेलिंग बघून कुणीही ‘सियुआन’ म्हणेल), आयील (वाळवंटातली जमात), कायरीएन (शहर), साइदीन (शक्तीचा पुरुषांचा अर्धा भाग), साइदार (बायकांचा अर्धा). पहिल्या दिवशी हे एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा. साइदीन-साइदार हा फरक पक्का बसला नाही तर दुसऱ्या खंडापासून गोंधळ सुरू होतो.

जादूची रीत थोडक्यात: पृथ्वी, वायू, अग्नी, जल आणि पाचवं चैतन्य, असे पाच प्रकारचे धागे. ते एकमेकांत विणायचे. कुणाला कुठला धागा सोपा जातो, एका वेळी किती पेलतो, यावर त्या व्यक्तीची ताकद. पुरुषांचा अर्धा भाग विटाळलेला आहे, म्हणून तो वापरणारा पुरुष कालांतरानं वेडा होतो. एवढ्या एका नियमावर सगळा समाज उभा केलाय: सत्ता बायकांच्या हाती का, पुरुषांची भीती का, जगाचा उद्धार करणाराच जगाला नकोसा का. नियम आधी आणि समाज त्यातून उगवलेला, हे मला या मालिकेचं सगळ्यात मोठं यश वाटतं. जॉर्डनचं शिक्षण भौतिकशास्त्राचं, नंतर अमेरिकी नौदलासाठी अणू-अभियंता म्हणून नोकरी. त्याआधी व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर. शक्तीचे नियम आणि लढाईनंतरची माणसं, दोन्ही इतकी पक्की का उतरली ते यावरून कळतं.

आइझ सेडायांच्या तीन शपथाही पाठच करून टाका. असत्य शब्द उच्चारायचा नाही. माणसानं माणसाला मारायचं शस्त्र बनवायचं नाही. शक्ती शस्त्र म्हणून वापरायची नाही. अपवाद अंधाराच्या पिलावळीचा, किंवा आपला, आपल्या रक्षकाचा वा दुसऱ्या आइझ सेडायचा जीव अगदी शेवटच्या टोकाला आला तर त्याचा. पहिल्या शपथेमुळे त्यांचं प्रत्येक वाक्य वकिली नजरेनं वाचावं लागतं. प्रश्नाला उत्तर दिलं की शेजारच्या प्रश्नाला? ‘मी असं म्हणणार नाही’ की ‘असं नाही’? सवय लागली की संवाद दुप्पट रंगतात.

---

निळीशाई

आता अवघड विषय. सात ते दहा या खंडांत मालिका मंदावते, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बरेच वाचक इथे गळतात.

(रहस्यभेद नाही, फक्त रचनेबद्दल.)

मंदावते का? एक, पात्रं पांगतात. पाचव्या खंडात पेरिन अजिबात नाही, आठव्यात मॅट अजिबात नाही. ज्याच्यासाठी वाचतोय तोच पाचशे पानं गायब, आणि त्याआधी त्याला भलत्याच जागी लोंबकळत सोडलेलं. दोन, नवव्याच्या शेवटी फार मोठी घटना घडते आणि दहाव्याचा बराचसा भाग त्याच काळात बाकीचे काय करत होते ते दाखवण्यात जातो. म्हणजे घड्याळ मागे नेलंय. वाचकाला ‘पुढे काय’ हवं असतं आणि पुस्तक ‘त्या वेळी इतरत्र काय’ सांगत बसतं. रँड तर त्या अख्ख्या खंडात औषधापुरता येतो. तीन, प्रस्तावनेची प्रकरणं फुगत जातात आणि त्यात दहा-बारा ठिकाणी धावती भेट असते.

छापून येत होती तेव्हा नववा २००० मध्ये, दहावा २००३ मध्ये, अकरावा २००५ मध्ये, अशी वाट पाहत वाचकांनी हे सोसलं. आज तुमच्याकडे सगळे खंड एकदम आहेत, त्यामुळे त्रास पुष्कळ कमी. माझा सल्ला: आठवा सगळ्यात लहानांपैकी आहे (सव्वादोन लाख शब्द), तो न थांबता संपवा. नवव्यानंतर आठवडाभर दुसरं काहीतरी वाचा. मग दहावा घ्या आणि ज्या पात्राची प्रकरणं जड जातात ती प्रकरण-सारांशावर भागवा.

---

पानखूण

@निळीशाई, सारांशाशी सहमत नाही.

दहाव्यात घटना कमी आहेत, पण मॅटची प्रकरणं मालिकेतल्या उत्तम प्रकरणांपैकी आहेत, आणि अकराव्यात जे धडाधड सुटत जातं त्याच्या गाठी दहाव्यातच मारलेल्या आहेत. सारांश वाचून अकराव्यात गेलेल्याला घटना कळतात, ओझं कळत नाही. पेरिनची छावणी किती दिवस अडकून पडली आहे हे अंगावर आलं नाही तर त्याचे पुढचे निर्णय आततायी वाटतात.

मधला मार्ग म्हणजे ती प्रकरणं ऐकायची. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या जोडीनं सगळी मालिका वाचली आहे. पुरुषपात्राच्या नजरेतलं प्रकरण तो वाचतो, स्त्रीपात्राचं ती, त्यामुळे कुणाच्या डोक्यात आहोत ते लगेच कळतं. पहिला खंड सुमारे ३० तासांचा, चौथा ४१ च्या आसपास. सव्वापट वेगानं ३० चे २४ होतात आणि शब्दही निसटत नाही. दीडपटीवर गेलात तर नावं हातातून सुटतील. सुरुवातीच्या आणि नंतरच्या खंडांत काही नावांचे उच्चार बदललेले आहेत, ते नवं पात्र समजू नका. रोझमंड पाइकच्या आवाजातलं नवं वाचनही छान आहे, पण ते सुरुवातीच्या खंडांचंच असल्यामुळे पुढे आवाज बदलावा लागेल याची तयारी ठेवा.

---

निळीशाई

ऐकण्याचा उपाय मान्य. एक दुरुस्ती सुचवते: दहावा पूर्ण ऐका, पण त्याची प्रस्तावना कागदावर किंवा पडद्यावर वाचा. तिथे जागा आणि माणसं इतक्या झपाट्यानं बदलतात की दोन पानं मागे जाऊन बघावंच लागतं, आणि ते कानांनी होत नाही.

---

कोरीवलेणी

काळाच्या कल्पनेबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. आपल्या वाचकाला चार युगांची सवय. इथे चक्राला सात आरे आणि सात युगं. ती फिरून फिरून येतात, म्हणून प्रत्येक खंडाचं पहिलं प्रकरण त्याच परिच्छेदानं उघडतं: चक्र फिरतं, स्मृतींच्या दंतकथा होतात, आणि कुठेतरी वारा उठतो. वारा दर खंडात वेगळ्या जागी उठतो आणि वाहत वाहत कथेपाशी पोचतो. घाईत तो परिच्छेद ओलांडू नका. नकाशा उघडून वाऱ्याची वाट बोटानं काढा, खंड कुठे घडणार आहे ते कळतं.

त्यातलं आपलं युग कुठलं? त्याचं उत्तर पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात आहे. गावात थॉम नावाचा कथेकरी येतो आणि मुलांना कोणकोणत्या गोष्टी सांगू शकतो त्याची जाहिरात करतो. मॉस्क हा राक्षस, जगभर पोचणारा अग्नीचा भाला घेऊन लढलेला: मॉस्को. गरुडाच्या पोटात बसून चंद्रावर गेलेला लेन: १९६९ च्या चांद्रयानाचं नावच ‘ईगल’ होतं. आणि त्याच यादीत ‘मातेरीज’, रोगी बरे करणारी, अद्भुत ‘इंद’ देशाची माता. मदर तेरेसा! म्हणजे आपला देश या मालिकेत आहे, फक्त इतका जुना की त्याची गोष्ट गावजत्रेत सांगितली जाते.

चौथ्या खंडात टांचिको शहरातल्या वस्तुसंग्रहालयाचं वर्णन येतं तिथेही सावकाश चला. वर्तुळात बसवलेली तीन टोकांची रुपेरी चांदणी कसली, ते रस्त्यावरच्या गाड्या पाहिलेल्या कुणालाही ओळखता येईल. ती पाहणाऱ्या पात्राला ओळखता येत नाही, आणि त्या वस्तूपाशी कसला तरी गर्व जाणवतो एवढंच.

---

सांजपक्षी

@कोरीवलेणी, वा! याच धाग्यावर हे हवं होतं.

चौथ्याचा विषय निघालाच आहे तर रुइदीन या आयीलांच्या शहराबद्दल लिहिते. प्रकरणं २५ आणि २६. (चौथा वाचत असाल तर हा प्रतिसाद नंतर वाचा.)

रँड काचेच्या खांबांच्या रांगांमधून चालत जातो, आणि दर काही पावलांवर तो आपल्याच एका पूर्वजाच्या आत असतो. क्रम उलटा आहे. प्रत्येक पावलागणिक काळ मागे जातो. पहिल्यांदा दिसतात लढवय्ये आयील, जसे आज आहेत तसे. मग त्यांचे आजे-पणजे, ज्यांनी पहिल्यांदा भाला धरला. मग त्यांच्याही मागचे, ज्यांनी शस्त्राला हातसुद्धा लावायचा नाही अशी शपथ वाहिली होती. लेविन आणि त्याचा आजोबा ॲडन हा सांधा बघा. लेविनच्या प्रसंगात आजोबा नातवाला नाकारतो, आणि तो निर्दय वाटतो. पुढच्या पावलाला आपण त्याच आजोबाच्या आत, काही वर्षं आधीच्या काळात असतो, त्यानं काय काय गमावलं ते पाहतो, आणि तो नकार कुठून आला ते कळतं. परिणाम आधी आणि कारण नंतर, असं दोन्ही प्रकरणभर चालतं. आयील लोक झऱ्याचं पाणी कायरीएनला का देतात, तोंडावर बुरखा का घेतात, तलवार का वर्ज्य, या मागच्या तीन खंडांत विखुरलेल्या बारीकसारीक प्रश्नांची उत्तरं इथे एकापाठोपाठ मिळत जातात.

एक प्रयोग जरूर करा. दोन्ही प्रकरणं संपली की तेच तुकडे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा, सरळ काळात. चाळीस-पन्नास पानांचं काम. सरळ वाचलं की ती एका जमातीच्या ऱ्हासाची कथा होते, आणि जॉर्डननं ती उलटी का मांडली ते आपोआप लक्षात येतं.

मालिका सोडायची की पुढे न्यायची हा निर्णय कुणी माझ्याकडे मागितला तर मी एवढंच म्हणेन: चौथ्या खंडाच्या २६ व्या प्रकरणापर्यंत या, मग ठरवा. दूर आहे, कबूल. पहिल्या तीन खंडांचे मिळून सव्वाआठ लाख शब्द होतात. पण त्याआधी सोडणाऱ्यानं मालिका पाहिलेलीच नसते.

---

घाटवाट

कुठलंही नाव गुगल करायची भीती वाटते. पहिल्याच ओळीत ‘मृत्यू’ दिसतो. काय करता येईल?

---

मुळाक्षर

नाव विसरलं तर सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे ई-पुस्तकात, *तुम्ही वाचून झालेल्या* खंडात, ते नाव शोधणं. कुठे पहिल्यांदा आलं ते दिसतं आणि पुढचं काहीच दिसत नाही. ‘एन्सायक्लोपीडिया डब्ल्यूओटी’ या जुन्या संकेतस्थळावर प्रकरणनिहाय सारांश आहेत, तिथे ज्या प्रकरणापर्यंत आलात त्याच्यापुढे टिचकी मारायची नाही. विकी-पानं अजिबात नकोत, तिथे पात्राची सध्याची अवस्था उजव्या चौकटीतच लिहिलेली असते. गुगलच्या शोधचौकटीत नाव टाइप करतानाच सुचवण्या येतात, त्याही घात करतात.

पुस्तकांच्या आतही एक सापळा आहे: शेवटची शब्दसूची. ती त्याच खंडातल्या घटना धरून लिहिलेली असते, म्हणून खंड सुरू करताना मागच्या खंडाची सूची वापरा. तेराव्या खंडाची सूची तर पुस्तक संपेपर्यंत उघडूच नका. पाचव्याच्या शेवटी एक खून होतो, मारेकरी दिसत नाही. १९९३ पासून वाचक त्यावर वाद घालत होते, आणि उत्तर आलं ते २०१० मध्ये, तेराव्याच्या शब्दसूचीतल्या एका नोंदीत, तेही जाता जाता.

२०१५ चा ‘कम्पॅनियन’ हा जाडजूड संदर्भग्रंथ सगळे १४ वाचल्यावरच विकत घ्या.

---

मोगरीचावेल

शेवटचे तीन खंड दुसऱ्या लेखकाचे आहेत ना? ते वाचावेत का? सेट अकरापर्यंतच घ्यावा असं मनात आहे.

---

पानखूण

@मोगरीचावेल, सेट अर्धा घेऊ नका. जॉर्डनचं १६ सप्टेंबर २००७ रोजी अमायलॉइडोसिसनं निधन झालं. आजार कळल्यानंतर त्यानं शेवटाकडचं जमेल तेवढं लिहून, सांगून ठेवलं, अखेरचा प्रसंग तर स्वतः लिहून ठेवला होता. त्याची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच मालिकेची पहिल्यापासूनची संपादक. तिनं ब्रँडन सँडरसनची निवड केली. एका खंडात संपवायचं ठरलेलं काम तीन खंडांचं झालं: बारावा २००९, तेरावा २०१०, चौदावा २०१३.

फरक जाणवतो, तो आधी माहीत असला की खटकत नाही. वाक्यं आखूड होतात, कपड्यांची आणि जेवणाची वर्णनं कमी होतात, घटनांचा वेग एकदम वाढतो. बाराव्यात मॅट वेगळाच वाटतो, विनोद जरा ओढून आणलेले आहेत. तेराव्यात तो बराच सावरतो. दुसरी अडचण काळाची. बारावा आणि तेरावा काही अंशी समांतर चालतात. रँडचे वडील टॅम बाराव्यात एकीकडे दिसतात आणि तेराव्यात त्याआधीच्या दिवसांत दुसरीकडे. ती छपाईची चूक समजू नका, पेरिनची कथा काही आठवडे मागून सुरू केलेली आहे.

चौदाव्यातलं ३७ वं प्रकरण एकटंच ७९ हजार शब्दांचं आहे, म्हणजे एक मध्यम कादंबरीच. नजर सतत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ते मधे तोडून वाचलं तर कोण कुठल्या आघाडीवर आहे ते हरवतं. आठ-नऊ तास सलग मोकळे असतील अशाच दिवशी सुरू करा. तीच गोष्ट सहाव्याच्या शेवटच्या शंभर-दीडशे पानांची. रात्री अकराला सुरू केलीत तर सकाळचा गजर त्या पानांवरच वाजेल.

---

मोगरीचावेल

धन्यवाद, पूर्ण सेट घेते. जुन्या बाजारात घ्यायचा झाला तर काय तपासू?

---

पानखूण

एक: ‘फ्रॉम द टू रिव्हर्स’ आणि ‘टू द ब्लाइट’ ही नावं दिसली तर ते वेगळे खंड नव्हेत. पहिलाच खंड २००२ मध्ये लहान वाचकांसाठी दोन भागांत काढला होता. त्यातल्या पहिल्या भागात ‘रेव्हन्स’ नावाचं, छोट्या एग्वेनचं एक जास्तीचं प्रकरण आहे, त्यामुळे संग्राहक घेतात. सेटसाठी घेतलंत तर एकच गोष्ट दोनदा येईल. दुसऱ्या खंडाचेही असेच दोन तुकडे आहेत.

दोन: अमेरिकी टॉर आणि ब्रिटिश ऑर्बिट या दोन प्रकाशनांच्या प्रती आकारानं जुळत नाहीत. आपल्याकडे ऑर्बिटच्या पेपरबॅक जास्त मिळतात, एकाच प्रकाशनाचं धरून चला. पान क्रमांकांवरून कुणाशी बोलू नका, प्रकरण क्रमांक सांगा.

तीन: नकली प्रत. प्रकरणावरचं चित्र नुसता काळा ठिपका झालेलं असेल, नकाशाचा मधला भाग शिवणीत गेलेला असेल किंवा मागची शब्दसूचीच नसेल, तर घेऊ नका. शेवटची तीस-चाळीस पानं उलटून क्रमांक सलग आहेत का ते जागेवरच बघा. जाड पुस्तकात पानं गळतात ती तिथेच.

चार: हजार पानांची पेपरबॅक कोरी असेल तर पहिल्या दिवशी मधोमध ताणून उघडू नका, कणा मोडतो आणि सहा महिन्यांत पानांचे गठ्ठे सुटतात. टेबलावर कण्यावर उभी धरा, पुढून वीस-पंचवीस पानं आणि मागून तेवढीच, अशी आळीपाळीनं दाबत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे.

---

घाटवाट

आणि मालिका (पडद्यावरची) आधी बघितली तर?

---

निळीशाई

बघायला हरकत नाही, पण चौथा खंड वाचून झाल्यावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, तीन पर्व झाली आणि २०२५ मध्ये बंद पडली, त्यामुळे शेवट पुस्तकातच मिळणार. घटनांचा क्रम आणि काही नाती बदललेली आहेत. पहिलं पर्व आणि पहिला खंड एकाच महिन्यात घेतले तर डोक्यात दोन्हींची सरमिसळ होते. तिसऱ्या पर्वाचा चौथा भाग मात्र रुइदीनवर आहे आणि तो खरंच मन लावून केलाय. २५-२६ प्रकरणं वाचून झाली की लगेच बघा.

---

अधोरेखित

दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांसाठी एक. रहस्यभेद, चौदाही वाचले असतील तरच.

दुसऱ्या खंडात व्हेरिन ही आइझ सेडाय मोहिमेत येऊन मिळते आणि म्हणते की म्वारेननं पाठवलं. पुढे म्वारेनच्या बोलण्यातून कळतं की तिनं तिला पाठवलंच नव्हतं. पहिल्या शपथेनुसार हे अशक्य आहे. १९९० च्या पुस्तकात ही उघड फट ठेवली, आणि बहुतेकांनी ती म्वारेनचा काहीतरी डाव म्हणून सोडून दिली. बारावा वाचल्यावर परत जाऊन फक्त व्हेरिनचे संवाद क्रमानं वाचा. कुठे शपथेच्या चौकटीत बोलते, कुठे सरळ खोटं, आणि खोटं बोलते तेव्हा शेजारी पकडू शकेल असं कुणी आहे का, हे पेन्सिलीनं खुणा करत गेलात तर तिचा सगळा बेत समासात उतरतो.

---

सांजपक्षी

@अधोरेखित, यात एक जोडते. त्याच वाचनात पहिल्या खंडातल्या म्वारेनचंही करा. ती मुलांना काय *सांगते* आणि मुलं त्यातून काय *समजतात*, दोन रंगांनी. नायनीवचा तिच्यावर इतका राग का, आणि तरी तिनं एकदाही शब्द का मोडलेला नाही, हे दोन्ही पहिल्या वीस प्रकरणांतच सापडतं.